लॅपटॉपची दृष्ट

नात समीक्षा लॅपटॉपवर खेळ सुरू करत होती. "आजी, कुठली जादूगारीण घेऊ? आग फेकणारी की जखमा भरणारी?" "आगवाली घे. कुणी वाटेला जायचं न्हाई," मी म्हणाले. वडगावहून आलेल्या विहीणबाई हसल्या. "आग काय, कुणीही लावतं. जखमा भरणारी घे." समीक्षाने त्यांचं ऐकलं, वर जादूगारणीला नावही त्यांचंच दिलं. म्हातारपणी शिकलेली अक्षरं जुळवत मी ते वाचलं: अनसूया. वाचता आलं नसतं तर बरं झालं असतं. मी पडद्यावरची नजर हटवली नाही. पहिल्याच लढाईत अनसूया मेली. "नजर लागली!" समीक्षा रडवेली झाली. घरात दृष्ट मीच काढते. मीठ-मिरच्या लॅपटॉपवरून उतरवून चुलीत टाकल्या. मिरच्या जळल्या, पण ठसका कुणालाच लागला नाही. "म्हंजे नजर लय वाईट," विहीणबाई म्हणाल्या. "कुणाची असंल?" मी चूल फुंकायला वाकले.