नळ्यांचे वाटे

"मी कुणाच्या वाट्याला?"

घरी हे विचारून दाखवच, अशी मैत्रिणींनी मधल्या सुट्टीत पैज लावली होती. बेडकीने शाळा सुटल्या सुटल्या पाठीवरच्या दप्तरासकट दुकानात शिरून विचारून टाकलं. उत्तराची तिला काडीची भीती नव्हती. दोघं माझ्यावर जीव टाकतात, माझ्यासाठी एकमेकांच्या झिंज्या उपटतील, असं ती ऐटीत सांगून आली होती. दोघांपैकी हरेल त्याची समजूत कशी घालायची, एवढीच काय ती तिला काळजी.

आईबाबांनी मानही वर केली नाही. पाण्याखाली बुडी मारणाऱ्यांच्या सामानाचं त्यांचं दुकान. पंधरा वर्षं दोघांनी मिळून चालवलं, आता लग्नाबरोबर तेही मोडायचं ठरलं होतं. सगळा माल ताडपत्रीवर ओतला होता. बाबा एकेक नळी धातूच्या टोकाशी वाकवून भेग आहे का बघत होता. आई एका पिवळ्या नळीचं टोक घट्ट धरून बसली होती. दुसरं टोक बाबाच्या मांडीखाली होतं.

"पिवळ्या पाच आहेत," आई म्हणाली. "त्यातल्या तीन माझ्या."

"का म्हणून? तू पाण्यात उतरतेस तरी का?"

"आणि तुझी उतरायची लायकी राहिली ती कुणाच्या दुरुस्तीमुळे?"

पिवळी नळी इतरांपेक्षा लांब असते. पाण्याखाली जोडीदाराची हवा संपली, तर आपली ही जादाची नळी त्याच्या तोंडात द्यायची. तीच नळी दोघं सकाळपासून एकमेकांना देत नव्हते.

"आधी सामानाचं होऊ दे गं," बाबा म्हणाला. "तू काय, घरचीच आहेस."

बेडकीने दप्तर भिरकावलं. "सरका दोघं. वाटे मी लावते, उचला तुम्ही."

हे दोघांनाही पटलं. चालायच्या आधी पोहायला लागली म्हणून ती बेडकी, आणि कुठली नळी कुठे बसते हे तिला डोळे मिटून सांगता यायचं. ती भराभर मांडत गेली. श्वासाची काळी आखूड नळी, हवेच्या काट्याची बारीक नळी, जॅकेट फुगवायची, आणि पिवळी. प्रत्येक संच गोल गुंडाळून, कारण घडी घातली की नळी चिरते. चिरलेल्यांचेही तिने सारखे वाटे केले. इकडे नवा मास्क, तर तिकडे दोन जुने. पाचव्या पिवळीच्या बदल्यात पायात चढवायच्या फिन्सची जोडी. हवेच्या टाक्या, कपाट असलं मोठं सामान तेवढं भिंतीशीच राहू दिलं. शेवटी दोन ढीग असे झाले की आईलाही खोड काढता येईना.

मग बेडकीने उडी मारली आणि डावीकडच्या ढिगात मांडी घालून बसली.

"या ढिगात मी पण आहे. हं, उचला."

तिला हसू आवरत नव्हतं. आधी कोण झेपावतं ते बघायला ती टपून बसली.

बाबाने आईकडे पाहिलं. आईने बाबाकडे.

"घे, तू आधी उचल," बाबा म्हणाला.

"छे, तूच उचल. मला मेलं काय, कुठलाही चालेल."

सकाळपासून एकेक वस्तू आधी कोण उचलणार यावरून दोघं हमरीतुमरीवर आले होते. आता दोघांच्या तोंडात खडीसाखर होती. बेडकी अजून हसत होती, पण ते हसू आता गालांना ताणून धरावं लागत होतं.

बाबाने घसा खाकरला. "वाटे सारखे नाही झाले. तिची शाळा आहे, शिकवणी आहे, दातांची तार आहे. त्या ढिगात दोन टाक्या जास्त हव्यात." त्याने भिंतीशी असलेल्या दोन टाक्या गडगडत आणून तिच्या गुडघ्यांशी उभ्या केल्या. "घे आता."

"दोन टाक्यांत काय होतंय? आजारी पडली की उशाशी कोण बसणार? आणि हा तोंडाचा पट्टा दिवसभर ऐकायचा तो वेगळाच. पलीकडचे मास्क टाक सगळे."

"टाकले. उचल."

"तूच उचल की."

मग जॅकेटं आली. मग पलीकडच्या नळ्या, आधी काळ्या, मग पिवळ्यासुद्धा. मग काचेचं कपाट. पोरीबद्दल वावगा शब्द कुणीच बोललं नाही. "गुणाची आहे, प्रश्न तो नाही," असं आई दोनदा म्हणाली, बाबाने दोन्ही वेळा मान डोलावली. कित्येक वर्षांत त्यांचं असं एकमत झालं नव्हतं. शेवटी टाक्यांत हवा भरायचा अवजड कॉम्प्रेसर दोघांनी मिळून ढकलत आणला, एकाने इकडून, एकीने तिकडून, आणि तिच्या पाठीला टेकवून ठेवला. तो गार होता. बेडकी आता हसत नव्हती.

घाम पुसताना दोघांची नजर एकदमच उजवीकडे गेली. तिथे तीन चिरलेल्या नळ्या आणि एक फिन उरली होती.

"पोरगी माझ्याकडे राहील," आई म्हणाली.

"अजिबात नाही. बाप आहे मी तिचा. तिच्याशिवाय जगू कसा?"

आईने तिचा एक हात धरला, बाबाने दुसरा. तिने शाळेपासून रस्ताभर मनातल्या मनात ऐकलेलं सगळं आता शब्दन् शब्द तिच्या कानांवर पडत होतं. दोघं ओढत होते आणि दोघांचेही डोळे कॉम्प्रेसरवर होते.

बेडकीने आधी एक हात सोडवला, मग दुसरा. टाकीला धरून ती उठून उभी राहिली.

"माझं ठरलंय," ती म्हणाली. "हा ढीग मी घेतला. पलीकडच्याचे तुम्ही दोन वाटे करा."