बाळकृष्णरावांचं नाक

बाळकृष्णरावांनी चाळणी दोनदा आपटली, वर राहिलेला कोंडा तळहातावर पसरून पाहिला आणि मान हलवली. किडा नव्हता. मग त्यांनी पिठातून लोहचुंबक फिरवलं. लोखंडाचा कण नव्हता. कणकेची गोळी नळाखाली धुतली, तर चीकही चांगला चिवट निघाला.

"रंगही बरा आहे," ते म्हणाले.

गिरणीवाल्या राममूर्तींनी बाहीने कपाळ पुसलं. परीक्षा अजून संपली नव्हती. नाक उरलं होतं.

अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत त्या नाकाचा दरारा होता. बाळकृष्णराव मूळचे साताऱ्याकडचे. जवळच्या आवडी गावातल्या लष्करी कारखान्यात भांडार सांभाळून निवृत्त झाले आणि आता श्रीपेरुंबुदूरच्या एका नव्या मोटार कारखान्याच्या कँटीनसाठी माल पसंत करत. तिथे उत्तरेकडचे कामगार आले होते, त्यांना दोन्ही वेळा चपाती लागे. गुम्मिडिपूंडीच्या कुठल्याशा गिरणीवाल्याचं पीठ म्हणे यांनी नुसतं हुंगलं, आणि त्याने जुना गहू घातल्याचं आपल्या तोंडाने कबूल करून टाकलं. असलं नाक!

राममूर्तींचं घराणं तंजावरच्या मराठ्यांचं. भाताच्या मुलखात वडिलांनी गव्हाची गिरणी काढली, तेव्हा भाऊबंदांनी नाकं मुरडली होती. तरी गिरणी कशीबशी तगली. आता हे कँटीन मिळालं तर ठीक, नाहीतर पोंगलच्या आत टाळं लावायचं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि नेमका पावसाने घात केला. गोदामात पाणी शिरलं, खालची पोती भिजली. राममूर्तींनी तो गहू गच्चीवर वाळवला आणि चांगल्या गव्हात थोडा थोडा मिसळून दळला. करताना हात आखडत होता, पण केलं. डोळ्याला काही कळत नव्हतं, चाळणीलाही नाही. पीठ अगदी जवळ नेलं तर कुबट वास यायचा. तो पिठाला होता की आपल्याच मनाला, हे त्यांना सांगता आलं नसतं.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी भवानीबाई पेले घेऊन आल्या. "कापी घ्यावी, सर."

दूध खाली लागलं होतं, हे राममूर्तींना पेला हातात येण्याआधीच कळलं. आजच लागायचं होतं! त्यांनी बायकोकडे डोळे वटारून पाहिलं. बाळकृष्णरावांनी मात्र घोट घोट घेत पेला रिकामा केला.

"उत्तम झालीय," ते म्हणाले.

केवढा भला माणूस, राममूर्तींना वाटलं, आणि अशा माणसाला फसवायची त्यांना आणखीच लाज वाटली.

बाळकृष्णरावांनी मूठभर पीठ घेतलं, दाबून धरलं, त्यावर तोंडाची वाफ सोडली आणि मूठ नाकाशी नेली. गिरणी बंद ठेवली होती, त्यामुळे त्यांचा श्वासही ऐकू येत होता. घाई म्हणून नव्हती त्यांना. मुठीवरून त्यांनी राममूर्तींकडे पाहिलं.

"गहू कुठला?"

"मध्य प्रदेशातला, सर."

"सगळा?"

"सगळा."

मूठ पुन्हा नाकाशी गेली. या वेळी जरा जास्तच रेंगाळली.

"राममूर्ती, काही सांगायचं राहिलंय का?"

राममूर्तींनी हात जोडले. "अय्यो सर, भिजलेला आहे! खालची पोती. गोदामात पाणी आलें, काय करूं? वाळवून मिसळविला. तुमच्या नाकापुढे कोण लपवील?"

भवानीबाईंनी पदर तोंडाला लावला. गिरणी गेली, हे दोघांनाही कळून चुकलं.

बाळकृष्णरावांनी हात झटकले. "हे पीठ कुणाच्या ताटात जाता कामा नये. पुठ्ठेवाल्यांना खळीसाठी देऊन टाका. सोमवारी चांगला गहू दळा. मी पुन्हा वास घेईन."

"पुन्हा येणार, सर?"

"कबूल केलंत ना? मग येईन."

सोमवारी सगळं तसंच झालं. चाळणी, चुंबक, कणकेची गोळी आणि शेवटी मूठ. या वेळी राममूर्तींनी मान खाली घातली नाही. बाळकृष्णराव बराच वेळ हुंगत राहिले, मग हसले. "हे पीठ खरं आहे." कँटीनचं काम राममूर्तींना मिळालं. भवानीबाई देवापुढे जाऊन मनसोक्त रडल्या.

पुढच्या रविवारी राममूर्ती ताज्या पिठाची पिशवी घेऊन आवडीला बाळकृष्णरावांच्या घरी गेले. उपकार फेडायचे नव्हते, नुसता नमस्कार करायचा होता. बाळकृष्णरावांच्या पत्नी कुमुदिनीबाईंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं. "बसा हं तुम्ही, मी शेजारून कढीपत्ता घेऊन येते," म्हणत त्या बाहेर पडल्या.

बाळकृष्णरावांनी पिशवी उघडून सवयीने नाकाशी धरली. "वा! ताजं आहे."

राममूर्तींना धन्य वाटलं.

गप्पा रंगल्या. थोड्या वेळाने आतून काहीतरी करपल्याचा वास येऊ लागला. राममूर्तींनी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. ज्या नाकाला पोत्यातला ओलावा कळला, त्याला त्याच्याच घरातलं करपलेलं काय दाखवायचं? असेल काही कारण. शिवाय पाहुण्याने दुसऱ्याच्या चुलीबद्दल बोलू नये. वास वाढत गेला. बाळकृष्णराव गव्हाच्या जाती समजावून सांगत होते. राममूर्ती अदबीने मान डोलावत राहिले.

कुमुदिनीबाई धावतच आल्या. आत जाऊन त्यांनी गॅस बंद केला आणि काळीठिक्कर कढई पदराने धरून दारात उभ्या राहिल्या.

"तुम्ही तरी हाक मारायची ना हो!" त्या राममूर्तींना म्हणाल्या. "तुम्ही बसला होतात, म्हणून तर गॅस चालू ठेवून गेले. निवृत्तीच्या आधी स्कूटरवरून डोक्यावर पडले ना, तेव्हापासून यांना कसलाही वास येत नाही."