चोरओटी

“बायका खोळंबल्यात गं. ओटी भरून घे, मग झोप,” सासूबाई बाथरूमच्या दाराशी म्हणाल्या.

मृदुला बादलीला धरून बसली होती. तिसरा महिना लागल्यापासून घोटभर पाणीही पोटात ठरत नव्हतं. फटीतून गजऱ्याचा वास आला आणि पुन्हा उमळून आलं.

“आई, मला हे बाळच नको. मी मरेन हो.”

बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, “बायांनो, आज ओटी नाही. जाताना रिक्षा तेवढी पाठवा.”

गजरा काढून टाकून त्या आत आल्या. “आधी सलाईन लावू. बाळाचं तू ठरव.”

तेवढ्यात त्यांच्या नव्या साडीवरच उलटी झाली.

“होऊ दे. हा रंग मला शोभतच नव्हता.”

त्याच साडीच्या कोरड्या पदराने त्यांनी तिचं तोंड पुसलं.