ज्युलियस सरांची बनावट साइट

"आता हे सांगितलं तर तुमच्यातला एकही मानणार नाही," ज्युलियस सर म्हणाले, "पण ती साइट मीच बनवलीय. ह्या दोन हातांनी."

डेल्रॉयने हातातला मोबाइल टीपॉयवर ठेवला. चहाला त्याने अजून हात लावला नव्हता. शेजारी त्याची मुलगी टिना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती.

परवा टिनाचं सरांच्या मुलाशी, ग्लेनरॉयशी लग्न. उद्या उंबराचं पाणी. म्हणजे बँड लावून नाचत विहिरीवर जायचं, घागरी भरून आणायच्या आणि त्या पाण्याने नवऱ्याला आंघोळ घालायची. आणि आज सकाळी अनोळखी नंबरवरून टिनाला एक लिंक आली. अंधेरीच्या ह्याच गावठाणातली हीच विहीर, फोटोसकट. खाली चार ओळी. विहिरीसमोरच्या घराच्या मालकाची पहिली बायको पाण्यात पडली नव्हती, तिला ढकललं होतं.

विहिरीसमोर घर एकच. बापलेक कांदिवलीहून थेट तिथेच येऊन थडकले होते.

"तुम्ही कशाला बनवाल?" डेल्रॉय म्हणाला. "सर, मस्करी नको. माझी पोरगी ह्या घरात येणार आहे."

"अरे, मी दिंडोशीच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायचो ना! नववीची पोरं. नेटवर दिसलं की उतरवलं वहीत. एकाने प्रोजेक्टमध्ये लिहिलं, पवईच्या तलावात देवमासा आहे. कुठून आणलंस? तर म्हणे, साइटवर होतं. म्हटलं, थांबा. एक खोटी साइट बनवतो आणि तुम्हालाच तपासायला देतो."

"मग?"

"अडतीस पोरं. सदतीस जणांनी लिहिलं, साइट विश्वासार्ह आहे. कारण काय? एक म्हणतो, फोटो आहे. दुसरा म्हणतो, वर छोटं कुलूप दिसतंय. मिहिर म्हणून एक होता, त्याने लिहिलं, अक्षर छान आहे."

डेल्रॉयला हसू आलं. ते त्याने मिशीत दाबलं.

दाराजवळ चटईवर शेजारच्या एलेनबाई लग्नाचे तांदूळ निवडत होत्या. ऑफिसातून रिटायर झाल्यापासून गावठाणातल्या कुठल्याही लग्नघरी त्यांचं सूप आधी पोचायचं. त्या हसल्या नाहीत. खडा काढून बाजूला ठेवला, इतकंच.

"आणि अडतिसावा?" टिनाने विचारलं.

"अडतिसावी. रेवती. तिने फक्त विचारलं, सर, हे लिहिलंय कुणी? झालं! तिथून धडा सुरू. लिहिणारा कोण, लिहिलं कधी, दुसरं कुणी तेच सांगतंय का. ह्या साइटवर नाव आहे? नाही. तारीख आहे? नाही. त्या बाईचं तरी नाव आहे? तेही नाही. कुठून असणार, मला सुचलंच नाही!"

"पण सर, स्वतःच्याच घरावर असलं लिहायचं?"

"दुसऱ्याच्या घरावर लिहिलं असतं तर मार नसता खाल्ला?"

आता डेल्रॉय मोकळेपणाने हसला. चहाचा कप उचलला, वरची साय बोटाने बाजूला केली.

टिना हसत नव्हती. "मग काढून टाका ना ती. आत्ता. आमच्यासमोर."

सरांनी कपाळावर हात मारला. "शाळेच्या मेलवरून बनवलेली गं बाय. मी रिटायर झालो, मेल बंद. आता ती साइट ना माझी ना कुणाची. फिरतेय बेवारस."

"आमच्या सोसायटीचं तेच झालं," डेल्रॉय लगेच म्हणाला. "सेक्रेटरी बदलला, पासवर्ड गेला. आजपण वेबसाइटवर जुनीच कमिटी. मेलेली दोन माणसं अजून खजिनदार आहेत."

"बघ!"

"टिना, चल आता. ग्लेनरॉयला फोन कर, सांग सगळं ओके. सकाळपासून चार वेळा कापलायस बिचाऱ्याचा." डेल्रॉय उठला, सरांचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. "सॉरी हां सर. बापाचं काळीज आहे. उद्या आम्ही पण येतो नाचायला."

"या तर! झकास बँड सांगितलाय."

टिना उठली. दोन पावलं गेली आणि चटईपाशी थांबली. चपलेत अर्धा पाय घातलेला तसाच राहिला.

"काय झालं?" डेल्रॉय म्हणाला.

"सरांनीच सांगितलं ना पप्पा, दुसऱ्या कुणाला तरी विचारायचं." ती खाली बसली. "एलेन आंटी, तुम्ही तर कितीतरी वर्षं शेजारी आहात. ह्या घरात अशी कुणी नव्हतीच ना?"

"ती काय सांगणार," सर म्हणाले. "एलेन, तांदूळ आत ने."

एलेनबाईंचा हात सुपात थांबला. सरांकडे त्यांनी पाहिलं नाही, टिनाकडेच पाहिलं.

"खोटं बोलतायत ते. लुसी होतं तिचं नाव. ह्यांनी तिला ढकललं तेव्हा मी पलीकडच्या काठावर घागर भरत होते. आणि ती साइट मी गेल्या आठवड्यात बनवलीय, बाय."