रांगेतला फौजी

नकार मिळाला तसा आदिनाथ पुन्हा रांगेत सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहिला.

गेवराईच्या पेठेत कावेरीनं एसटीडी बूथ टाकला, त्याला दोन वर्षं झाली होती, आणि उमापूरचा हा फौजी दर सुट्टीत हेच करत आला होता. रांग धरायची, नंबर आला की फोन न लावता सरळ विचारायचं, "माझ्याशी लगीन करता का?"

"आदिनाथ, न्हाई म्हनलं ना! पुढचा कोन?" कावेरी साऱ्या पेठेला ऐकू जाईल असं ओरडायची. लोक हसायचे. हा गडी मात्र मागे जाऊन परत उभा. जम्मूच्या बर्फात रात्र रात्र पहारा देणाऱ्याला गेवराईच्या रांगेचं काय एवढं!

शेजारच्या किराणा दुकानातून कावेरीचे वडील धोंडप्पा हा तमाशा बघत मिशीत हसायचे. आपली लिंगायताची पोर, तो मराठ्याचा. तीच त्याला परस्पर वाटेला लावत असेल, तर बापानं कशाला तोंड वाईट करायचं?

दिवाळीला फौजी दोन महिन्यांची सुट्टी काढून आला. पहिल्याच दिवशी कावेरीनं त्याला उलट विचारलं, "लगीन झाल्यावर ह्या बूथचं काय?"

"चालू ऱ्हाईल की. न्हाईतर मी जम्मूहून फोन लावू कुठं?"

रांग खदखदून हसली. "पुढचा कोन?" कावेरी म्हणाली. फौजी मागे गेला. धोंडप्पांचं समाधान झालं.

त्यानंतर बूथच्या कागदांवर सह्या करायला म्हणून कावेरी महिन्याभराच्या अंतरानं दोनदा बीडला जाऊन आली. आली ती जास्तच कडक होऊन. आता ती फौजीवर ओरडायची नाही की त्याचं नाव घ्यायची नाही. कुणी विषय काढलाच तर "ते उमापूरचे का?" एवढं म्हणून गप्प व्हायची.

"बग," धोंडप्पा बायकोला म्हणाले, "पोरीला त्याच्या नावाचासुदिक इटाळ झालाय."

शांतादेवीनं भाकरी थापता थापता त्यांच्याकडं नुसतं बघितलं.

मग धोंडप्पांनी तेलगावच्या राजेश्वरअप्पांना बोलावणं धाडलं. त्यांचा मृत्युंजय कापसाच्या धंद्यात होता. स्थळ तोलामोलाचं होतं, पण त्यांच्या दोन अटी होत्या. आमच्यात बायका दुकानात बसत नाहीत, तेव्हा बूथ बंद करायचा. आणि कुण्या फौजीचं काहीबाही कानावर आलंय, ते पोरीनं आमच्यासमोर खोडून काढायचं. त्याशिवाय सुपारी फुटणार नाही.

पाव्हणे दुकानातच गादीवर बसले. पोहे झाले. तेवढ्यात समोर आदिनाथ उगवला, अंगावर वर्दी आणि खांद्यावर काळी ट्रंक. सुट्टी संपली होती, संध्याकाळची गाडी धरायची होती.

धोंडप्पांना आनंदच झाला. "ये, ये! ऐकूनच जा आता. कावेरी, ये हिकडं. पाव्हण्यांसमोर सांगून टाक. म्हन, 'मला आदिनाथ नको.' पयल्यासारखं, पेठेला ऐकू जाईल असं म्हन."

कावेरी बूथमधून बाहेर आली आणि गप्प उभी राहिली.

"कावून गप हाय पोर?" राजेश्वरअप्पांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अगं घे की त्याचं नाव! कुनाला भेतीस?" धोंडप्पा कासावीस झाले. तेलगाव हातचं जातंय असं त्यांना वाटू लागलं.

"भेत कुनालाच न्हाई, अप्पा."

कावेरीनं बूथची किल्ली कमरेला खोचली, डोक्यावर पदर घेतला आणि साऱ्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पर नवऱ्याचं नाव असं चारचौघांत घेऊ कसं? आईनं तुमचं कवा घेतलंय का?"