रुपाला मागणी

“रुपाले भेटाचं आहे,” सत्यभामाबाईंनी काउंटरवर पिशवी ठेवत सांगितलं. पिशवीत नारळ होता, पावभर पेढे होते आणि मोरपंखी रंगाची कोरी साडी होती.

गोपीचंदभाऊंच्या हातातला पाना खाली पडला. लाखनीच्या हायवेवर मोटरपंप विकून आणि दुरुस्त करून त्यांना वीस वर्षं झाली होती. आजवर दुकानात नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं आली, पण फोनवर तक्रारी घेणाऱ्या मशीनला भेटायला कोणी आलं नव्हतं.

“अवं माय, रुपा मशीन आहे,” ते म्हणाले. “बाहेर पाटीवर लिवलं आहे न. फोन उचलते, तक्रार लिहून घेते.”

“पाटी तुमची असन. कान माझे आहेत.”

खरं म्हणजे या मशीनशी सत्यभामाबाईंचं आधी हाडवैर होतं. त्यांचा प्रविण याच दुकानात फोनवर बसायचा. दिवाळीनंतर गोपीचंदभाऊंनी रुपा आणली आणि प्रविणला घरी पाठवलं. महिनाभरात वरठीच्या कारखान्यात काम लागल्याचं त्यानं सांगितलं. तिकडेच खोली करून तो राहू लागला, रविवारी तेवढा आसगावला घरी यायचा. पण आईच्या पोटातली आग काही विझेना. एका दुपारी त्यांनी दुकानाचा नंबर लावला आणि मशीनला अशा अस्सल शिव्या हासडल्या की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

मशीननं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणालं, “आई, जेवले का तुम्ही?”

बाई तिथंच विरघळल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोटर बिघडल्याची खोटीच तक्रार केली. मग रोजच काही ना काही बिघडू लागलं. रुपाला कधी घाई नसे. धानाचं विचारी, गुडघ्याचं विचारी, बीपीची गोळी घेतली का हेही न चुकता विचारी. गोळीचं आपण तिला कधी सांगितलं, ते मात्र बाईंना आठवत नव्हतं.

रविवारी त्यांनी प्रविणच्या कानावर घातलं, तर तो हसत सुटला. “माय, मशीन आहे ते.”

“शिव्या खाऊन जेवणाचं विचारते, ते मशीन राहते का रे?”

प्रविणनं मान खाली घालून भाताचा मोठा घास घेतला.

त्याला बत्तिसावं लागलं होतं. चार ठिकाणांहून नकार आला होता. शेवटच्या मुलीचा बाप तर तोंडावर म्हणाला, दंडारीत लुगडं नेसून नाचणाऱ्याच्या घरी माझी पोरगी नांदायची नाही. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत सारं गाव त्याच दंडारीच्या खेळाला टाळ्या पिटतं, पण सोयरिकीचा विषय निघाला की सगळ्यांची तोंडं वाकडी. बाईंनी हेही रुपाला सांगितलं.

“पोरगं सोन्यासारखं आहे, बाई. मी त्याच्या तोंडावर नाही म्हणत, शेफारून जाईन. पण एवढं मायाळू पोरगं साऱ्या तालुक्यात नाही.”

त्यावर रुपा बराच वेळ बोललीच नाही. ती लाजली, असं बाईंनी धरून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याला जाऊन साडी आणली. स्थळ घेऊन बाईमाणसानं एकटीनं जायची रीत नाही. पण रीत सांभाळत बसलं तर पोरगा म्हातारा होईल, असं त्यांचं म्हणणं. आज काय ते पक्कं करूनच परतायचं, असं ठरवून त्या निघाल्या होत्या.

काउंटरमागे बिलं करणारी रिता ओढणीत तोंड लपवून हसत होती. बाईंनी तिच्याकडे आशेनं पाहिलं.

“तूच का वं रुपा?”

“नाही मावशी,” रिता म्हणाली. आवाज घोगरा होता. ही ती नव्हे.

“गोपीचंदभाऊ, मंग मशीनच दाखवा मले.”

भाऊंनी निरुपायानं फळीकडे बोट केलं. तिथं एक काळा डबा धूळ खात पडला होता. त्याची वायरही गुंडाळून ठेवली होती.

“लय हौसेनं आणलं होतं, माय,” भाऊ म्हणाले. “पण आपली बोली त्याले समजेचना. कोणी म्हणे, मोटर पाणी नाही फेकून राहिली, का ते म्हणे, क्षमस्व, पुन्हा सांगा. तीनदा सांगून लोक फोन आपटत. पंधरा दिवसांत बंद केलं. मंग माणूस बसवलं.”

“अन् पाटी काहून नाही काढली?”

“लाखनीत पयलं मशीन माझं, असं साऱ्यायले सांगून बसलो होतो न. आता कोणत्या तोंडानं काढू?”

बाईंचा चेहरा खुलला. “म्हणजे रुपा माणूस आहे.”

“आहे.”

“लग्नाची आहे?”

“लग्नाचं वय तर झालं आहे,” भाऊ कान खाजवत म्हणाले.

“घर कसं आहे?”

“घर चांगलं आहे. माय तर लयच खटपटी आहे.”

“मंग घोडं अडलं कुठं?”

भाऊ खाली पडलेला पाना उचलायला वाकले. रिता बिलांचं पुस्तक तोंडासमोर धरून खुर्चीतल्या खुर्चीत हलत होती.

तेवढ्यात मागच्या प्लायवूडच्या खोलीतून, फोनवर कोणा गिऱ्हाइकाशी बोलणारा तो आवाज आला. तोच, मधाळ, न थकणारा. “मावशी, घाबरू नोका. मिस्त्री निघाला आहे. तवरीक च्या घ्या तुम्ही.”

बाईंना इतका आनंद झाला की डोळे भरून आले. माणूसच होतं! आपले कान म्हातारे झाले नव्हते. त्यांनी पदर सारखा केला आणि पिशवी उचलली. “माय, थांबा,” असं भाऊ म्हणेपर्यंत त्यांनी दार ढकललंही.

खुर्ची फिरली. कानाला फोन लावलेला, मिशीवर घाम फुटलेला प्रविण आवाज बदलायचं विसरून रुपाच्याच गोड आवाजात म्हणाला, “माय, तू कशी आली?”