सहावा गिलास

शोभाबाईनं उकळतं पाणी गिलासात ओतलं, तसं तळाचं मेण सुटून वर आलं. पाणी निवल्यावर तिनं मेणाची चकती नखानं उचलली, वातीची पत्र्याची टिकली काढली आणि गिलास राखेनं घासला. बुद्धजयंतीसाठी दिरानं हैदराबादहून गिलासातल्या सहा मेणबत्त्या आणल्या होत्या. जाड दुधी काच. असे चहाचे गिलास कमठाण्यात कुणाच्या घरी नसतील. पाच घासून झाले. सहाव्याला तिनं हात घातला, तोच तिचा नवरा पिराजी दारातून म्हणाला, "त्यातलं मेण ऱ्हाऊ दे."

"कामून?"

"नरसिंग बी यायलाय चहाला. त्याचा गिलास वळखू आला पायजे." पिराजीनं आवाज खाली आणला. "भायेरून समदे सारखेच दिसतेत. त्याला बी वाईट वाटायचं न्हाई."

शोभाबाईच्या अंगाची लाही लाही झाली. कालच्या मिरवणुकीत नरसिंगानं बोटं फुटेपर्यंत हलगी बडवली होती. आणि हाच नवरा खोक्यावर उभा राहून, माणसं समदी सारखी म्हणून घसा कोरडा करत होता. टाळ्या पडल्या. तिनंही वाजवल्या होत्या, आणि आता त्याच टाळ्यांची तिला चीड येत होती.

"पाटलाच्या गोठ्यात कोनाड्यात तुमच्या आईची येगळी कपबशी पालथी असायची. इसरलाव?"

"उगं डोस्कं खाऊ नको. मांगवाड्यातला हाय त्यो. आपल्यातलेच चौघं नावं ठेवतील."

म्हणजे कोनाडा गेला, आणि त्याच्या जागी हे मेण आलं. तेही बुद्धापुढं जळलेलं. तिनं घासलेले गिलास पुसायला घेतले. पिराजीला वाटलं, पटलं. पण सकाळपासून गरम पाण्यानं मेण सोडवत बसलेल्या बाईला जे ठाऊक होतं, ते भाषण ठोकणाऱ्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. तिनं सहावा गिलास तसाच बाजूला ठेवला.

दुपारी माणसं आली. दीर, मिरवणुकीतले तिघं आणि नरसिंग. नरसिंग उंबऱ्याशीच टेकला. शोभाबाईनं चहा खळखळून उकळवला आणि एकेकाच्या हातात गिलास स्वतः दिला. नरसिंगाला घासलेला, लख्ख. सहावा तिनं नवऱ्यापुढं ठेवला.

पिराजीचं तिकडं लक्षच नव्हतं. पुढल्या वर्षीची मिरवणूक कशी काढायची, आपण सगळ्यांनी एक कसं व्हायचं, हे तो सांगत सुटला होता. बाकीच्यांचे गिलास रिकामे झाले. त्याच्या चहावर हळूहळू पांढरा थर धरला.

नरसिंग मान लांब करून बघत म्हणाला, "अक्का, अण्णालाच तेवढी साय व्हय?"

सगळे हसले. पिराजीनं गिलासात वाकून पाहिलं, आणि त्याचं बोलणं तिथंच तुटलं.

"चहा समद्यांना एकच दिलाय, भाऊ," शोभाबाई म्हणाली. "गिलास तेवढा त्यांचा येगळा हाय." मग नवऱ्याकडं वळून, "प्या की, निवायलाय."

पाच माणसं त्याच्याकडं बघत होती. पिराजीनं गिलास तोंडाला लावला. घोट गिळला. मिशीवर मेण पांढरं चिकटून बसलं.

"साय लागलीया, अण्णा," नरसिंग म्हणाला आणि गळ्यातली घामेजलेली दस्ती काढून त्यानं पुढं केली. "पुसा."